कावळा, फांदी आणि एक जून

ताडाच्या झाडाला फांद्या नसतात. उंच सरळ खोड आणि शेंड्याला पानांचा झुबका, एवढंच. संस्कृतातला कावळा याच ताडावर येऊन टेकला, नेमकं त्याच क्षणी पिकलेलं फळ खाली पडलं, आणि पंडितांनी अशा प्रसंगाला ‘काकतालीय’ म्हणायला सुरुवात केली. मराठीत येता येता ताड मागे राहिला, फळही राहिलं. आपला कावळा बसतो फांदीवर, आणि तुटते ती फांदीच: ‘कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ.’ बांधाबांधावर लिंब आणि बाभूळ बघणाऱ्या मुलखात म्हण अशीच बदलायची.

म्हणीतल्या या गाठीला रोजच्या बोलण्यात आपण योगायोग म्हणतो. धाराशिव जिल्ह्यातल्या लोहारा तालुक्यात बसून या एका शब्दाच्या मागे लागलं, तर पाणिनीच्या व्याकरणापासून ढाक्याच्या मंत्रालयापर्यंत आणि पु. लं.च्या लग्नापासून गावच्या शाळेतल्या दाखल खारीज रजिस्टरपर्यंत फेरफटका होतो. चला तर.

पंचांगातली बेरीज

तिथी, वार, नक्षत्र, योग, करण ही पंचांगाची पाच अंगं. त्यातला योग काढायचा कसा? राशिचक्रात सूर्य किती अंशांवर आहे आणि चंद्र किती अंशांवर, हे बघायचं, दोन्हींची बेरीज करायची आणि तिला १३ अंश २० कलांनी भागायचं. असे एकूण २७ योग होतात. पहिला विष्कंभ, शेवटचा वैधृती. म्हणजे योगात बेरीज मुळातच आहे. त्याला ‘अयोग’ जोडला की झाला योगायोग. जुळणं आणि न जुळणं, दोन्ही एकाच शब्दात नांदतात.

नुसता ‘योग’ तर दिवसातून दहा वेळा तोंडात येतो. सोयरीक फिसकटली, योग नव्हता. पंढरपूरला जायचं राहून गेलं, योग यावा लागतो. बऱ्याच दिवसांनी पाहुणा दारात दिसला, आज कसा काय योग? सत्कार आणि वाढदिवस एकाच मांडवात आले की वक्त्याला ‘दुग्धशर्करा योग’ आठवतोच. आणि एखादा कंजूष माणूस चहा पाजायला निघाला, की कपिलाषष्ठीचा योग!

ही कपिलाषष्ठी म्हणजे नेमकं काय, ते मात्र फार थोड्यांना माहीत असतं. भाद्रपद वद्य षष्ठी हवी. त्या दिवशी मंगळवार हवा. चंद्र रोहिणी नक्षत्रात हवा, सूर्य हस्तात हवा आणि व्यतीपात हा योग हवा. एवढं सगळं एका दिवशी जमायचं. साठ वर्षांतून एकदा जमतं, अशी समजूत आहे. चहाला तेवढी वाट बघायला लागू नये.

उलट, ज्याला आपण दुर्मीळ समजतो ते पुष्कळदा तसं नसतं. संकष्टी चतुर्थी वर्षात बारा-तेरा येतात, वार सात. म्हणजे संकष्टी मंगळवारी पडून अंगारकी होण्याचा प्रसंग सरासरी वर्षातून एक-दोनदा येणारच. सराफांच्या जाहिरातीतला गुरुपुष्यामृत योग हाही वर्षातून दोन-चारदा येतोच. श्रद्धा आपल्या जागी. पण दिनदर्शिकेत वर्षभर आधी छापता येणाऱ्या गोष्टीला योग म्हणावं, योगायोग म्हणू नये. योगायोगाची तारीख आधी कुणाला छापता येत नाही.

बकरी, तलवार आणि आंधळ्याच्या हातातला लावा

काकतालीयला सोबती आहेत. पाणिनीच्या एका सूत्रावर लिहिताना ‘काशिका’ या जुन्या टीकेत तीन उदाहरणं ओळीनं येतात: काकतालीय, अजाकृपाणीय आणि अंधकवर्तकीय. अजाकृपाणीय म्हणजे बकरी नेमकी तिथं आली आणि तलवार नेमकी तेव्हाच पडली. अंधकवर्तकीय त्याहून गंमतशीर. आंधळ्यानं सहज टाळी वाजवली आणि दोन तळव्यांच्या मध्ये उडता लावा पक्षी सापडला. हिंदीत आजही ‘अंधे के हाथ बटेर’ म्हणतात, तो हाच पक्षी. व्याकरणाच्या पोथीतलं उदाहरण आणि बाजारातली म्हण, दोन्हींत तोच आंधळा आणि तेच पाखरू. शेकडो वर्षं ते सुटलेलं नाही.

चौथा सोबती घुणाक्षर न्याय. लाकडाला घुण लागतो, पोखरत जातो आणि कधी तरी त्या नक्षीत एखादं अक्षर दिसतं. किड्याला बाराखडी येत नाही. अक्षर वाचतो तो माणूस. जुन्या न्यायांतला हा मला सगळ्यांत आवडतो, कारण योगायोगाचं सगळं मर्म यात आहे: घडवणाऱ्याच्या मनात अर्थ नाही, बघणाऱ्याच्या डोळ्यांत आहे.

‘योगवासिष्ठ’ या ग्रंथात तर काकतालीयचा दाखला पुन्हा पुन्हा येतो. आणि बघण्यासारखं हे, की युरोपातल्या शब्दांतही काही तरी पडतंच. इंग्रजी ‘कोइन्सिडन्स’च्या मुळाशी लॅटिनमधलं ‘एकत्र येऊन पडणं’ आहे. जर्मन ‘त्सुफाल’मध्येही पडणं आहे. इकडे फळ पडलं, तलवार पडली, फांदी तुटून पडली. माणसाला अचानकपणा सुचतो तो वरून पडणाऱ्या वस्तूवरून.

कर्नाटक, निजाम आणि ढाका

लोहाऱ्याहून उमरगा ओलांडून पुढं गेलं की कर्नाटक लागतं. तिथल्या कन्नड वर्तमानपत्रात योगायोगाला साधा, रोजचा शब्द आहे ‘काकताळीय’. आपल्याकडे जो शब्द संस्कृतच्या पेपरापुरता उरला, तो हद्दीपलीकडे बातमीत वापरतात. गुजरातीत ‘योगानुयोग’, हिंदीत ‘संयोग’.

मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि दरबाराची भाषा उर्दू. उर्दूत योगायोग म्हणजे इत्तेफाक. पण या अरबी शब्दाचा मूळ अर्थ आहे एकमत. म्हणूनच उर्दूत ‘मला तुमच्या मताशी इत्तेफाक आहे’ असंही म्हणतात. दोन माणसांचं पटलं तर इत्तेफाक, दोन घटनांचं पटलं तरी इत्तेफाक. घटनांचंही आपापसांत एकमत होतं, ही कल्पनाच किती सुंदर आहे! यश चोप्रांचा ‘इत्तेफाक’ १९६९ सालचा. त्यात राजेश खन्नाबरोबर होती आपली नंदा, मास्टर विनायकांची लेक.

आता बंगालीत चला. तिथं ‘जोगाजोग’ म्हणजे संपर्क, दळणवळण. लिहितात मात्र आपल्या योगायोगासारखंच. बांगलादेशात रस्ते आणि वाहतूक बघणाऱ्या खात्याचं नाव बरीच वर्षं हेच होतं. मराठी माणसानं ती पाटी अक्षर लावून वाचली असती तर त्याला दिसलं असतं ‘योगायोग मंत्रालय’. रवींद्रनाथांची १९२९ सालची कादंबरीही याच नावाची. आणि त्याच ढाक्यात १९५३ पासून ‘इत्तेफाक’ नावाचं दैनिक निघतं, तिथं त्याचा अर्थ एकजूट. योगायोगाचे आपले दोन्ही शब्द एकाच शहरात, दोन्हींचे अर्थ निराळे. आता याला काय म्हणायचं ते तुम्हीच सांगा.

जाता जाता ‘सेरेंडिपिटी’ची गोष्ट. शोधायला गेलो एक आणि सापडलं दुसरंच, त्याहून भारी, असा तिचा अर्थ. २८ जानेवारी १७५४ च्या एका पत्रात होरेस वॉलपोल या इंग्रज लेखकानं हा शब्द घडवला, तो सेरेंडिपच्या तीन राजपुत्रांच्या कथेवरून. सेरेंडिप म्हणजे सरनदीप, आणि सरनदीप म्हणजे सिंहलद्वीप. श्रीलंकेचं आपलंच जुनं नाव लंडनला जाऊन वेगळ्या कपड्यांत परत आलं.

‘आताच तुमचं नाव काढूलालतो’

शब्दकोशात न सापडणारा योगायोग लोहाऱ्याच्या एसटी स्टँडवर सापडतो. हॉटेलात चौघं बसलेले, पाचव्याची चर्चा चाललेली. तेवढ्यात तोच माणूस माकणीच्या गाडीतून उतरतो, धोतराचा सोगा सावरत आत येतो. बाकावरचा एकजण हात वर करतो.

“आवं मामा, आताच तुमचं नाव काढूलालतो की!”

“व्हय? कशापायी?”

“ते ऱ्हाऊ द्या. शंभर वर्सं आयुष्य हाय बगा तुमाला.”

मामा हसतात, बसतात, कशापायी ते पुन्हा विचारत नाहीत. नाव निघालं होतं उसनवारीवरून, हे दोघांनाही ठाऊक असतं. पण शंभर वर्षांचा आशीर्वाद मध्ये आला की वसुलीचा विषय आपोआप पुढच्या बाजारापर्यंत लांबतो. योगायोगाचा असा उपयोग मराठीइतका क्वचितच कुठं होत असेल.

याच घराण्यातल्या आणखी गोष्टी आठवा. उचकी लागली की कुणी तरी आठवण काढतंय. बोलता बोलता पाल चुकचुकली की बोललेलं खरं. आणि घरात अभद्र बोलायचं नाही, कारण वास्तुपुरुष दिवसभर ‘तथास्तु’ म्हणत असतो. त्याच्या आणि आपल्या बोलण्याची वेळ एक झाली तर? या एका भीतीनं किती घरांतल्या भांडणांची धार कमी झाली असेल!

मराठीतली ही शब्दांची उतरंड नीट बघितली पाहिजे. काहीच अर्थ नाही, निव्वळ गाठ पडली, तर काकतालीय. अर्थ असावासा वाटतो पण कुणी हक्कानं सांगू शकत नाही, तर योगायोग. आपल्या हातून काही तरी बरं घडलं होतं म्हणून हे जुळलं असं वाटतं, तर कर्मधर्मसंयोग. आणि मागच्या जन्माचं देणंघेणं होतं म्हणूनच भेटलो, असं पक्कं वाटतं, तर ऋणानुबंध. चिनी भाषेत ‘युआनफन’ हा शब्द या शेवटच्या पायरीच्या जवळ जातो. आपल्याकडे मात्र चारही पायऱ्या आहेत, आणि कोणत्या पायरीवर उभं राहायचं ते बोलणारा ठरवतो.

बारा जून आणि एक ऑगस्ट

पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांचं लग्न १२ जून १९४६ ला झालं. पु. ल. गेले १२ जून २००० ला. लग्नाचा ५४ वा वाढदिवस होता तो. यावर भाष्य करायची गरज नाही. वाचणारा दोन तारखा वाचून क्षणभर थांबतोच. आणखी एक: पु. ल., ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके हे तिघंही १९१९ सालचे. फडके जुलैत, गदिमा ऑक्टोबरात, पु. ल. नोव्हेंबरात. चार महिन्यांत महाराष्ट्राच्या पुढच्या अर्धशतकाची करमणूक पाळण्यात आली.

पण मराठी तारखांतला सगळ्यांत थोर योगायोग १ ऑगस्ट १९२० चा. त्या दिवशी मुंबईत सरदारगृहात लोकमान्य टिळक गेले. त्याच दिवशी वाटेगावला अण्णा भाऊ साठे जन्मले. आणि गांधीजींनी असहकाराचं आंदोलन सुरू केलं तेही त्याच दिवशी. एक पर्व मिटलं, दुसरं उघडलं, आणि तिसऱ्याचा शाहीर जन्माला आला. कादंबरीत कुणी हे लिहिलं असतं तर संपादकानं ‘जरा जास्तच जुळवलंय’ म्हणून परत पाठवलं असतं.

या तारखेचा एक धागा सरळ लोहारा तालुक्यात येतो. टिळक गेले तेव्हा व्यंकटेश खेडगीकर नावाचा मुलगा सोळा वर्षांचा होता. त्या धक्क्यानं त्यानं आजन्म ब्रह्मचारी राहून देशसेवा करायची शपथ घेतली. टिळकांनी देशाला दिलेल्या चार सूत्रांपैकी एक होतं राष्ट्रीय शिक्षण. त्या विचारातून निजामाच्या राज्यात, हिप्परगा (रवा) या खेड्यात १९२१ साली राष्ट्रीय शाळा निघाली. आणि काही वर्षांनी त्याच शाळेवर मुख्याध्यापक म्हणून आले ते हेच खेडगीकर. पुढं संन्यास घेऊन ते स्वामी रामानंद तीर्थ झाले, हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते झाले. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मोकळा झाला. टिळकांच्या जाण्यानं शपथ घेतलेला तरुण टिळकांच्याच सूत्रातून निघालेल्या शाळेत येतो, याला मी योगायोग म्हणायला कचरतो. एकच वारा दोघांनाही लागला होता. जिथं कारण सापडतं तिथं योगायोगाचा मान कारणाला द्यावा, आणि हिप्परग्याच्या बाबतीत ते कारण अभिमानानं सांगण्यासारखं आहे.

तेवीस पोरांचा वर्ग

१२ डिसेंबरला कोण कोण जन्मलं? शरद पवार, १९४०. गोपीनाथ मुंडे, १९४९. रजनीकांत, १९५०, मूळ नाव शिवाजीराव गायकवाड, घर मराठी. १७ सप्टेंबर, म्हणजे मराठवाड्याचा मुक्तिदिन, हीच प्रबोधनकार ठाकऱ्यांची जन्मतारीख (१८८५) आणि पंढरपूरला जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांचीही (१९१५). थक्क व्हायला होतं ना?

आता गणित. एका वर्गात किती पोरं असली म्हणजे दोघांचा वाढदिवस एक असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त होते? बहुतेक जण १८० च्या पुढचा आकडा सांगतात. खरं उत्तर आहे २३. कारण आपण पोरं मोजतो, मोजायच्या असतात जोड्या. आणि २३ पोरांच्या जोड्या होतात २५३. वर्गात ५७ पोरं असली तर शक्यता ९९ टक्क्यांवर जाते. गुरुजींनी हा प्रयोग वर्गात जरूर करावा, पोरं गणिताच्या प्रेमात पडतात.

केंब्रिजचे गणिती लिटलवूड यांच्या नावानं एक नियमच सांगतात. माणूस दिवसातले आठ तास नीट जागा असतो आणि दर सेकंदाला काही ना काही बघतो-ऐकतो असं धरा. ३५ दिवसांत हा आकडा दहा लाखांवर जातो. मग दहा लाखांत एकदा घडणारी गोष्ट प्रत्येकाच्या वाट्याला साधारण महिन्याला एकदा यायलाच हवी. चमत्कार न घडणं हाच खरा चमत्कार ठरेल.

क्रिकेटवाल्यांना हे सांगून पटायचं नाही, कारण त्यांच्याकडे मेलबर्न आहे. १८७७ साली तिथं इतिहासातली पहिली कसोटी झाली, ऑस्ट्रेलियानं इंग्लंडला ४५ धावांनी हरवलं. शंभर वर्षांनी, १९७७ साली, त्याच मैदानावर शताब्दी कसोटी झाली. ऑस्ट्रेलियानं इंग्लंडला हरवलं, ४५ धावांनीच. आणि ११ नोव्हेंबर २०११ ला केपटाउनमध्ये सकाळी ११ वाजून ११ मिनिटं झाली, तेव्हा दक्षिण आफ्रिकेला जिंकायला हव्या होत्या १११ धावा.

रासपुतिनची पाटी

‘योगायोग’ हा शब्द मराठी घरांत सगळ्यांत जास्त वेळा कुठं वाचला जातो? पुस्तकांत नव्हे, मालिकेच्या सुरुवातीच्या त्या पाटीवर: पात्रं काल्पनिक आहेत, साम्य आढळलं तर तो केवळ योगायोग. या पाटीचं मूळ एका खटल्यात आहे. १९३२ साली एमजीएमनं रासपुतिनवर सिनेमा काढला. रासपुतिनला मारणाऱ्यांतले प्रिन्स युसुपोव्ह तेव्हा हयात होते. सिनेमातली एक स्त्री म्हणजे मीच आणि माझी बदनामी झाली, असा दावा त्यांच्या पत्नी इरिना यांनी लंडनच्या कोर्टात लावला आणि १९३४ साली जिंकला. कंपनीला मोठी भरपाई द्यावी लागली. तेव्हापासून सिनेमावाल्यांनी योगायोगाची ढाल हातात घेतली, ती आज रात्री साडेआठच्या मालिकेपर्यंत पोचली आहे.

खिडकीवरचा भुंगेरा

योगायोगाला अर्थ असतो, असं अख्ख्या विसाव्या शतकात कुणी गांभीर्यानं मांडलं असेल तर ते स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी. त्यांचा शब्द ‘सिंक्रॉनिसिटी’. एक रुग्ण बाई त्यांना स्वप्न सांगत होती. स्वप्नात तिला सोन्याचा भुंगेरा भेट मिळाला होता. तेवढ्यात पाठीमागच्या खिडकीवर टकटक झाली. युंग यांनी खिडकी उघडली, आत आलेला किडा हवेतच पकडला. हिरवट सोनेरी भुंगेरा! तो बाईंच्या हातात देत ते म्हणाले, हा घ्या तुमचा भुंगेरा. तर्काला घट्ट धरून बसलेल्या बाई त्या दिवसापासून मोकळ्या झाल्या, असं ते सांगतात.

या विषयावरचं पुस्तक त्यांनी १९५२ साली काढलं ते वोल्फगांग पाउली यांच्या सोबतीनं, आणि पाउली हे पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळवलेले शास्त्रज्ञ. त्यांची ख्याती अशी, की ते प्रयोगशाळेत शिरले की उपकरण मोडायचं. हॅम्बुर्गच्या ऑटो स्टर्न यांनी त्यांना आपल्या प्रयोगशाळेत यायलाच बंदी केली होती, असं म्हणतात. पाउलींना आयुष्यभर एका आकड्यानं झपाटलं होतं: १३७. अणूतल्या विद्युतचुंबकीय बळाचा एक मूलभूत स्थिरांक सुमारे एक भागिले १३७ येतो, तो का, हे त्यांना हवं होतं. डिसेंबर १९५८ मध्ये झ्युरिकच्या रुग्णालयात त्यांना दाखल केलं त्या खोलीचा क्रमांक होता १३७. त्याच खोलीत ते गेले.

जिथं शब्द जपून वापरतात

लोहारा तालुक्यात एक तारीख अशी आहे जिथं ‘योगायोग’ म्हणताना आवाज खाली येतो. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपतीचं विसर्जन करून गावं गाढ झोपली होती. किल्लारीच्या भूकंपानं लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद हे दोन जिल्हे हादरले, दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. सास्तूर सगळ्यांत जास्त फटका बसलेल्या गावांपैकी एक.

त्या रात्री पीक राखायला शेतात गेलेला वाचला, अंगणात बाज टाकून झोपलेला वाचला. अशी घरं तालुक्यात कितीतरी आहेत. वाचलेला माणूस ‘योग होता’ एवढंच म्हणतो आणि थांबतो, आणि त्याला तसं म्हणायचा पूर्ण अधिकार आहे. पण आपण, ऐकणाऱ्यांनी, दुसरी गोष्टही बोलली पाहिजे. एवढी माणसं गेली ती दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचं मातीचं जड माळवद यांच्याखाली. बाहेर झोपलेला वाचण्याला आणि आत झोपलेला जाण्याला कारण होतं, ते छपरात होतं. त्याला योगायोग म्हटलं की पुढचं घर कसं बांधायचं हा प्रश्न मिटतो, आणि तो मिटता कामा नये.

एक जून

शेवटी, मराठवाड्यातला सगळ्यांत मोठा खोटा योगायोग. एका पिढीची निम्मी माणसं एकाच दिवशी जन्मली असावीत असं कागदपत्रं म्हणतात. तारीख १ जून. ३१ मे आला की सरकारी कचेऱ्यांत आणि शाळांत निरोपसमारंभांची रांग लागते, कारण महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो.

झालं होतं ते असं. जून उजाडला, शाळा भरली. बापानं पोराला हाताला धरून आणलं. गुरुजींनी दाखल खारीज रजिस्टर उघडलं.

“जन्म कधीचा?”

“पेरणी झाल्ती बगा. लई पाऊस व्हता त्या दिशी.”

“साल कोणतं?”

“ते काय म्हाईत न्हाई. रझाकाराची धामधूम मिटून दोन सालं झाल्ती.”

गुरुजींनी पोराकडं बघितलं. उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान पकडायला लावला. हात पोचला, म्हणजे सहा वर्षांचं धरायला हरकत नाही. शाळेला वय मोजायचं होतं ते जूनपासून. त्यांनी मागं मोजून साल काढलं आणि पुढं लिहिलं १ जून. गुरुजींनी पोराचं नुकसान केलं नाही, उलट त्या एका ओळीमुळं ते शाळेत बसलं.

पण त्या ओळीनं खरी तारीख पुसली. ती तारीख आकड्यांत नव्हती, आठवणीत होती: रझाकाराच्या वर्षी, बहात्तरच्या दुष्काळात, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, ज्वारी काढणीला आली तेव्हा. अशा आठवणीवरून पंचांग लावून पुष्कळदा खरा दिवसही काढता येतो. पोळा कोणत्या तारखेला होता हे जुन्या पंचांगात मिळतं, त्यावरून दुसरा दिवस सापडतो.

म्हणून घरात ज्यांच्या आधारकार्डावर १ जून आहे, त्या आजी-आजोबांना, मामा-मावशीला सुट्टीत विचारा. त्यांची आई त्यांच्या जन्माबद्दल काय सांगायची, शेतात काय चाललं होतं, कोणता सण जवळ होता, ते शब्दाला शब्द वहीत उतरवून घ्या. सांगणारी माणसं आता थोडी उरली आहेत.